मीठ कुणाचं?

आमच्या कब्रस्तानच्या संरक्षक भिंतीवर एक पाटी आहे. एका लोकप्रतिनिधीचं नाव आणि खाली ‘यांच्या निधीतून’. नाव कुणाचं हा मुद्दा नाही. अशा पाट्या कोकणात सगळ्याच पक्षांच्या आहेत. पावसाळ्याआधी गवत काढायला आम्ही जमलो होतो, तेव्हा जमातीतल्या एका चाचांना मी सहज विचारलं, “चाचा, तुमचे झेंडे इतक्या वेळा बदलले. आता नेमके कुठल्या पक्षात आहात?”

चाचा हसले. म्हणाले, “सर, पक्ष त्यांचा, माणूस आपला. ही भिंत कुणी दिली? खाल्ल्या मिठाला जागायला हवं.”

त्या उत्तराला हसणं सोपं आहे, पण मला हसू आलं नाही. आमच्या जिल्ह्याचं राजकारण त्या एका वाक्यात मावतं. नारायण राणे १९९० मध्ये शिवसेनेचे आमदार झाले, १९९९ मध्ये मुख्यमंत्री. २००५ मध्ये ते काँग्रेसमध्ये गेले, २०१७ मध्ये त्यांनी स्वतःचा स्वाभिमान पक्ष काढला आणि २०१९ मध्ये तो भाजपमध्ये विलीन केला. प्रत्येक वेळी त्यांच्याबरोबर गावोगावचे कार्यकर्तेही गेले, आणि त्यांत मुसलमानही होते. आमदाराला पक्षांतरबंदी कायदा आहे, जिल्हा परिषद सदस्यालाही आहे. वाडीतल्या कार्यकर्त्याला कसलीच बंदी नाही, कारण तो मुळात पक्षात नसतोच. तो माणसाबरोबर असतो.

आणि ते का, हेही समजून घ्यायला हवं. रात्री अपरात्री पेशंटला कोल्हापूरला न्यायचं तर गाडी कोण देतो? मुंबईच्या इस्पितळात खाट मिळवायला फोन कोण करतो? तहसीलमध्ये अडकलेला दाखला कोण काढून आणतो? पक्षाचा जाहीरनामा हे करत नाही, तो कार्यकर्ता करतो. २००९ मध्ये आमच्या कणकवली मतदारसंघाचा निकाल अवघ्या ३४ मतांनी लागला होता. जिथे एक वाडी आमदार ठरवू शकते, तिथे वाडीची विचारपूस होणारच. गरीब माणसाची निष्ठा हा अडाणीपणा नाही, तो त्याचा हिशेब आहे.

पण हिशेबच करायचा तर पूर्ण करू या. मीठ कुणाचं आहे? निधी सरकारचा, म्हणजे आपल्या करांचा. काडेपेटी घेणारासुद्धा कर भरतो. मग भिंत आपल्याच पैशांची आणि उपकार मात्र दुसऱ्याचे, असं कसं झालं?

उर्दूच्या वर्गात मी दोन शब्द शिकवतो, हक आणि एहसान. हक मागताना मान वर असते, एहसान घेताना ती खाली जाते. आपल्याकडे हकाचं एहसान करून देण्याची एक पूर्ण व्यवस्थाच उभी आहे. संजय गांधी निराधार योजना घ्या. ती बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. आपला सिंधुदुर्ग जिल्हाही त्यांच्याच काळात, १ मे १९८१ रोजी झाला. विधवेला, अपंगाला, निराधाराला सरकारने महिन्याला पैसे द्यायचे, हा हक. पण तालुक्याच्या समितीवर पालकमंत्र्यांच्या पसंतीचे अशासकीय सदस्य बसतात. म्हणून आमची शेजारीण म्हणते, “अमक्या भाऊंनी मला पगार चालू करून दिला.” तिच्यासाठी सरकार म्हणजे ते भाऊ.

हे नेहमीच असं नव्हतं. हाच मुलूख जुन्या राजापूर लोकसभा मतदारसंघात होता. १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै आणि १९७१ पासून मधु दंडवते, असे १९९१ पर्यंत इथून समाजवादीच निवडून गेले, तेही बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसायला. खासदार निधी ही योजनाच १९९३ मध्ये आली, म्हणजे वाटायला त्यांच्या हातात काही नव्हतं. दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घातली. ती देशभरातल्या प्रवाशाला मिळाली, त्याचं मत कुणाला हे न विचारता. तिच्यावर पाटी नव्हती.

इंग्लंडशेजारच्या वेल्समध्येही अशीच एक गोष्ट आहे. तिथल्या कोळसा खाणींच्या ट्रेडेगर गावात कामगार पगारातून वर्गणी काढून डॉक्टर आणि औषधांची सोय करत. त्याच गावचा खाणकामगार अन्यूरिन बेवन आरोग्यमंत्री झाला आणि १९४८ मध्ये त्याने सगळ्या देशाला मोफत उपचारांचा हक्क दिला. पुढे त्याच भागात मजूर पक्षाने पिढ्यानपिढ्यांची मतं गृहीत धरली. २००५ मध्ये उमेदवार वरून लादला, तेव्हा लोकांनी पक्षातून बाहेर पडलेल्या पीटर लॉ यांना अपक्ष निवडून दिलं. पक्षाची वर्षानुवर्षांची जागा गेली. औषधपाणी कुणाचं बंद झालं नाही. हक्क झालेली गोष्ट मत बदललं म्हणून जात नाही.

आपल्याकडेही हे घडू शकतं, मी स्वतः पाहिलंय. पूर्वी बदलीच्या मोसमात शिक्षक पुढाऱ्यांच्या अंगणात चिठ्ठीसाठी उभे असत. २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्या. त्यातही तक्रारी आहेत, पण अंगणातली गर्दी ओसरली.

मुसलमानांसाठी हा प्रश्न अधिक नाजूक आहे. आपण थोडे, म्हणून डोक्यावर कुणाचा तरी हात हवा असं वाटतं. पण आज त्याच राणे घराण्यातले मंत्री जाहीर सभांतून आपल्या समाजाबद्दल काय बोलतात, ते सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचलंय. ते वाचून चाचांना दुखलं नसेल? दुखलं. पण ते बोलले नाहीत, आणि बोलणार नाहीत. मध्ये ती भिंत आहे. एहसानाची खरी किंमत मत नव्हे, ही चूप आहे.

कार्यकर्त्यांशी भांडा, असं मी म्हणत नाही. त्यांतले कित्येक खरोखर भले आहेत, अडचणीला धावतात. पण २०१५ पासून महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखल्यासाठी अर्ज करा, पोच घ्या, मुदत विचारा, उशीर झाला तर अपील करा. कब्रस्तानचा रस्ता हवा असेल तर ग्रामसभेत ठराव मांडा, हिंदू शेजाऱ्यांच्या स्मशानशेडच्या ठरावाबरोबर. अर्ज लिहिता येत नसेल तर आम्ही शिक्षक कशाला आहोत?

परवा चाचा आले. वारस नोंदीचं काम होतं, दोन महिने कुणाच्या तरी फोनची वाट पाहत होते. आम्ही ओट्यावर बसून अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी शिक्का मारलेली पोच त्यांनी खिशातून काढून दाखवली आणि विचारलं, “सर, आता हे झालं तर उपकार कुणाचे मानायचे?”

मी म्हटलं, “कुणाचेच नाहीत, चाचा.” त्यांना ते पटायला वेळ लागेल.