छेद विसरलेला हिशेब

जातीच्या दाखल्यासाठी पुरावा हवा म्हणून आपल्याकडे माणसं तहसील कचेरीत कोतवाल बुकाची नक्कल काढायला जातात. पणजोबाचं नाव आणि त्यापुढची जात सापडली की नजर तिथंच थांबते, अर्ज भरला जातो, काम होतं. अशाच एका जुन्या वहीचं पान मी पुढं वाचत गेलो. तारीख, मौजा, बापाचं नाव, मुलगा की मुलगी. कितीतरी बाळांना नावच नाही, नुसतं ‘मुलगी’. आणखी थोडी पानं उलटली की त्याच बापाच्या नावापुढं दुसरी ओळ: वय तीन महिने, कारण ‘ताप’. बारसं झालं होतं की नव्हतं, ते वही सांगत नाही.

पण त्या वहीत जन्म आणि मृत्यू दोन्ही आहेत. किती जन्मले आणि त्यातले किती गेले, हे एकाच गावाच्या एकाच नोंदीतून काढता येतं. आज यवतमाळ जिल्ह्यात बालमृत्यूंवर जी भाषणं होतात आणि ज्या बातम्या छापून येतात, त्यांत मृत्यूंचा आकडा असतो, जन्मांचा नसतो. अंश आहे, छेद नाही. छेदाशिवाय कालची आणि आजची तुलना होऊच शकत नाही, हे या लेखाचं म्हणणं आहे.

पहिला दावा नेहमीचा: ‘लोकसंख्या वाढली, तरी बालमृत्यू घटले, म्हणजे यश दुप्पट.’ ऐकायला पटतं. 2001 च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या 24,58,271 होती, 2011 मध्ये ती 27,72,348 झाली. वाढ जवळपास तेरा टक्के. पण या वाढलेल्या तीन लाखांचा अर्भकांच्या मृत्यूशी संबंध काय? एक वर्षाच्या आत मरण्याचा धोका त्या वर्षी जन्मलेल्या बाळालाच असतो, साठीतल्या माणसाला नसतो. म्हणून अर्भक मृत्यूदर हजार जिवंत जन्मांमागे मोजतात, हजार लोकांमागे नाही.

फरक किती पडतो ते करूनच पाहू. महाराष्ट्राचा जन्मदर 1971 मध्ये दर हजार लोकसंख्येमागे 32 च्या आसपास होता, 2011 मध्ये तो 17 च्याही खाली आला. मिळून दहा हजार वस्तीची चार गावं धरा. तेव्हा तिथं वर्षाला 320 बाळं जन्मत, आता 167. समजा या चाळीस वर्षांत काहीही सुधारलं नाही आणि दर दहा बाळांतलं एक पहिल्या वाढदिवसाआधी जातच राहिलं. तेव्हाचे मृत्यू 32, आताचे 17. लोकसंख्येशी ताडून पाहणारा सांगेल, बालमृत्यू निम्म्यावर आले. प्रत्यक्षात एकही बाळ जास्त वाचलेलं नाही. पाळणे कमी हलले, एवढंच घडलं. हे श्रेय कुटुंब नियोजनाला द्या, प्रसूतिगृहाला देऊ नका.

याचा अर्थ घट खोटी आहे, असा कुणी काढू नये. घट खरी आहे आणि मोठी आहे. नमुना नोंदणी पद्धतीनुसार महाराष्ट्राचा अर्भक मृत्यूदर 1971 मध्ये हजारी 105 होता, 2001 मध्ये 45, 2011 मध्ये 25 आणि 2020 मध्ये 16. हे आकडे जन्मांवरच काढलेले आहेत. ही घट डोळ्यांत भरणारी आहे, म्हणूनच तिला खोट्या हिशेबाची मदत लागत नाही. चुकीच्या भागाकारानं फुगवलेलं यश खऱ्या यशालाही संशयात ओढतं.

पण हा 16 यवतमाळचा नाही, राज्याचा आहे. नमुना नोंदणी राज्यापुरता दर देते, जिल्ह्याचा देत नाही. जिल्ह्यात पडलेले नमुन्याचे तुकडे त्यासाठी पुरत नाहीत. पुणे-मुंबईच्या बाळांसोबत झरी-जामणीतल्या कोलाम आदिवासींच्या पोडावरचं, म्हणजे वस्तीवरचं, बाळ सरासरीत घालायचं आणि तीच सरासरी पोडावर परत आणून सांगायची, हा अन्याय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण वेगळी पट्टी लावतं. 2019-21 च्या फेरीत त्यांनी महाराष्ट्राचा दर 23 च्या जवळ दिला, कारण ते आईला विचारून मागच्या पाच वर्षांचा हिशेब काढतात. दोन्ही आपापल्या जागी उपयोगी. मात्र 2001 चा आकडा एका पट्टीचा आणि 2021 चा दुसऱ्या पट्टीचा घेऊन मधलं अंतर मोजणं म्हणजे एका टोकाला हात आणि दुसऱ्या टोकाला गज लावणं.

दुसरा दावा उलट बाजूचा, आणि तो करणारी माणसं माझ्या जवळची आहेत, म्हणून तो खोडताना मला जास्त जपावं लागतं. ‘यंदा तालुक्यात बालमृत्यू वाढले, यंत्रणा झोपली.’ एखाद्या तालुक्यात वर्षाला हजार जन्म होतात आणि साधारण सोळा बाळं दगावतात, असं धरा. परिस्थिती तीच राहिली तरी केवळ योगायोगानं हा आकडा एका वर्षी दहा, तर दुसऱ्या वर्षी बावीस होऊ शकतो. आठ ते चोवीसपर्यंतचा चढउतार अशा लहान आकड्यांत अपेक्षितच असतो. बावीसवर मोर्चा आणि दहावर सत्कार, दोन्ही पाण्यावरच्या रेघा. तीन किंवा पाच वर्षांचे जन्म आणि मृत्यू एकत्र घ्या, मग बोला.

त्याहून अवघड गोष्ट नोंदीची आहे. समजा एका आरोग्य केंद्राच्या हद्दीत चारशे जन्म आणि कागदावर चार मृत्यू. पुढच्या वर्षी नवी, तळमळीची परिचारिका आली, आशाताईंना घेऊन तांड्या-पोडांवर फिरली आणि नऊ मृत्यू सापडले. दर हजारी 10 वरून साडेबावीसवर गेला. मृत्यू वाढले नाहीत, दिसू लागले. अशा वेळी त्या परिचारिकेला कारणे दाखवा नोटीस गेली, तर पुढच्या वर्षी पुन्हा चारच मृत्यू होतील, कागदावर.

हे महाराष्ट्रानं मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’च्या पुढाकारानं तेरा संस्थांनी राज्याच्या वेगवेगळ्या भागांत घरोघर जाऊन बालमृत्यू मोजले आणि ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. राज्यात वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास बालमृत्यू होत असावेत, असा त्यांचा अंदाज होता. आरोग्य खात्याच्या नोंदींपेक्षा तो कितीतरी पटींनी मोठा होता. त्यावर वादळ उठलं, आणि पुढं सरकारनंच बालमृत्यूंच्या मूल्यमापनासाठी डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मोजणाऱ्यावर रागावून मृत्यू कमी होत नाहीत, हे तेव्हा ठरलं होतं. आपण ते विसरलो.

तिसरा दावा थकलेल्या माणसांचा: ‘सगळेच आकडे खोटे, मोजून काय उपयोग?’ मला हा सगळ्यांत घातक वाटतो. याला उत्तर आपल्याच विदर्भात आहे. गडचिरोलीत ‘सर्च’नं 39 गावांत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली आणि तुलनेसाठी शेजारची 47 गावं तशीच मोजली. दोन्हीकडं जन्म मोजले, मृत्यू मोजले, रीत तीच ठेवली. म्हणून 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष छापून आला तेव्हा कुणाला तो उडवून लावता आला नाही. त्या गावांतला अर्भक मृत्यूदर 1988 मध्ये 121 होता, 2003 मध्ये 30 वर आला. आज आपल्या गावातली आशाताई झोळीचा काटा घेऊन तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळंतिणीच्या घरी येते, ती या मोजणीमुळं. मोजलं नसतं तर ती आली नसती.

मग यवतमाळनं मोजायचं कसं? पहिलं म्हणजे शब्द नक्की करा. ‘बालमृत्यू’ या एका शब्दाखाली कुणी एक वर्षाच्या आतले मृत्यू धरतो, कुणी पाच वर्षांच्या आतले, कुणी अंगणवाडीच्या सहा वर्षांपर्यंतचे. अर्भक म्हणजे एक वर्षाच्या आतलं, नवजात म्हणजे पहिल्या 28 दिवसांतलं. राज्याच्या 2020 च्या 16 पैकी 11 मृत्यू नवजातांचे आहेत, तेव्हा ही फोड टाळून चालणार नाही. आणि जे बाळ एकदा श्वास घेऊन गेलं, ते ‘उपजत मृत्यू’त टाकू नका. तिथं टाकलं की ते अंशातूनही जातं आणि छेदातूनही.

दुसरं, बाळ आईच्या गावात मोजा. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यानं नोंद घटना घडली तिथं होते. मारेगावची बाई यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बाळंत झाली आणि बाळ तिथं गेलं, तर दोन्ही नोंदी यवतमाळ शहराच्या. केस नाजूक म्हणून नागपूरला नेली, तर जिल्ह्यातूनच गेली. ऊसतोडीला गेलेल्या तांड्यावरच्या बाईचं बाळ फडावर गेलं, तर बहुधा कुणाच्याच वहीत नाही. शहर वाईट दिसतं, पोड स्वच्छ दिसतं, आणि पैसा व डॉक्टर चुकीच्या दिशेनं जातात.

तिसरं, दोन याद्या ताडा. नमुना नोंदणीचं बळ यातच आहे: एक जण वर्षभर नोंद ठेवतो, दुसरा सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे घरोघर विचारतो, आणि न जुळलेली प्रत्येक नोंद पुन्हा घरी जाऊन तपासतात. गावात आशाताईची वही आहे, अंगणवाडी सेविकेची आहे, ग्रामपंचायतीची आहे. तिन्ही एका टेबलावर क्वचितच येतात. आल्या, तर गरोदर म्हणून नाव असलेली आणि नंतर कुठंच न सापडणारी बाई लगेच दिसेल. तिच्या घरी जाऊन विचारायचं, बाई, तुझं बाळ कुठं आहे.

तालुक्यांची तुलना करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या जिल्ह्यात वणी, केळापूर, यवतमाळ, दारव्हा, पुसद असे पाच तालुके होते, आज सोळा आहेत. जुन्या वणीची तुलना आजच्या वणीशी होत नाही.

1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 26 जानेवारी. वर्षातून किमान चार वेळा ग्रामसभा भरते. पुढच्या सभेत उभं राहा आणि तीन आकडे मागा: गेल्या तीन वर्षांत आपल्या गावच्या बायांना किती जिवंत बाळं झाली, त्यातली पहिल्या वाढदिवसाआधी किती गेली, आणि त्यातली पहिल्या 28 दिवसांत किती. आकडे वहीत लिहून घ्या आणि पुढच्या वर्षी हेच तीन आकडे पुन्हा मागा.