दुर्गभक्तीची सरहद्द

युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले आणि हैदराबादच्या मराठी मंडळींना हर्ष झाला. तो सर्वस्वी योग्य होता. राजगड, रायगड, साल्हेर, सिंधुदुर्ग ही नावे कानी पडताच ज्याचा ऊर भरून येत नाही, त्याने स्वतःला मराठी म्हणवून घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. परंतु या हर्षाच्या भरात आमच्या शहरातील काही दुर्गप्रेमींच्या मुखातून जी विधाने बाहेर पडू लागली आहेत, ती ऐकून लेखणी हाती घेणे भाग पडले. विधान थोडक्यात असे : दुर्ग पाहावे तर सह्याद्रीतले, इकडचे किल्ले म्हणजे परक्यांचे कोट, त्यांत आपले काय आहे?

या विधानासारखेच आचरणही आहे. पावसाळा उतरू लागला की तरुण मंडळी शुक्रवारी रात्री पाठीवर पिशव्या टाकून पुण्याची गाडी गाठतात, तोरणा किंवा राजगड चढतात आणि सोमवारी पोटऱ्या चोळीत कचेरीत हजर होतात. उत्साहाला आमची हरकत नाही. असलाच तर हेवा आहे. पण यांच्यापैकी कितीजणांनी घरापासून दहाबारा किलोमीटरवरचा गोवळकोंडा पाहिला आहे? ‘पाहिला’ तर सर्वांनीच आहे. पाहुणे आले की त्यांना तेथे न्यावयाचे, बालाहिसारच्या दरवाजात टाळी वाजवावयाची, ती माथ्यावर ऐकू येते म्हणून माना डोलवावयाच्या, आणि उतरताना शेंगदाणे खावयाचे. शत्रूच्या चाहुलीची वर्दी शिखरापर्यंत पोहोचविण्याची ती योजना आज पोरांचा खेळ होऊन बसली आहे. त्या टाळीपलीकडे, दुर्गम चेरुवूचे पाणी या खडकापर्यंत कसे आणले आणि मातीच्या नळांतून वर कसे खेळविले, हे पाहण्यास कोणी थांबत नाही. माथ्याजवळ कुतुबशाही मशीद आहे आणि जवळच खडकाच्या आश्रयाने देवीचे मंदिर आहे. आषाढात तेलंगणाचा बोनालू उत्सव प्रथम याच गडावर सुरू होतो. डोक्यावर नैवेद्याच्या घागरी घेऊन बाया त्या पायऱ्या चढतात. त्यांना हा किल्ला परक्यांचा आहे असे अद्याप कोणी सांगितलेले दिसत नाही.

आता त्या बारा दुर्गांकडेच वळू. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तामिळनाडूत. जिंजी मराठ्यांची झाली केव्हा? १६७७ साली, दक्षिण दिग्विजयात. आणि त्या दिग्विजयाची सिद्धता कोठे झाली? आमच्या याच भागानगरात! त्या वर्षाच्या आरंभी शिवाजीमहाराज मोठ्या सैन्यानिशी येथे आले, अबुल हसन तानाशहाला भेटले, आणि रघुनाथपंत हणमंते व मादण्णा प्रधान यांनी जमवून आणलेला करार पुरा झाला. मोहिमेच्या खर्चाला द्रव्य आणि वेढ्याला तोफखाना कुतुबशाहीने दिला. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत या भेटीचे वर्णन आहे. ज्यांच्या घरी ती बखर केवळ कपाटाच्या शोभेसाठी आहे त्यांनी ती एकदा उघडावी. पुढे मोगलांनी महाराष्ट्र व्यापला तेव्हा राजारामांनी जिंजीचाच आश्रय घेतला, आणि १६९० पासून १६९८ पर्यंत त्या एका दुर्गाने मोगल फौज गुंतवून ठेवली. म्हणजे ज्या जिंजीच्या नावाने पेढे वाटले, तिच्या पायाशी गोवळकोंड्याचे होन आहेत. पेढे खावयाचे आणि होन देणाऱ्याला परका म्हणावयाचे, ही कोणती इतिहासनिष्ठा?

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १६८६ मध्ये विजापूर पडले. १६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंड्याला वेढा घातला, तो सुमारे आठ महिने चालला. सुरुंग उलटले, पावसाने छावणी झोडपली, दुष्काळाने माणसे मेली, तरी तट पडला नाही. अखेर फितुराने दरवाजा उघडला. अब्दुल रज्जाक लारी नावाचा सरदार मात्र मूठभर लोकांनिशी दरवाजात लढला आणि असंख्य जखमांनी खाली कोसळला. शत्रूनेही त्याच्या इमानाची तारीफ केली. तानाशहाला दौलताबादेस कैदेत ठेवले आणि तो तेथेच वारला. गोवळकोंडे पडल्यावर दीड वर्षाच्या आत संभाजीमहाराज पकडले गेले. स्वराज्याच्या पूर्वेचा आडोसा गेला तो त्या रात्री. लारीची गोष्ट बाजीप्रभूंच्या गोष्टीशेजारी मुलांना सांगितली तर बाजीप्रभू उणे होतील असे आम्हांला वाटत नाही.

कोणी म्हणेल, हे सारे खरे, पण आमच्या आजोबांनी रझाकारांचा जुलूम सोसला आहे; निजामाच्या किल्ल्यांचे कौतुक आमच्याने व्हावयाचे नाही. या आक्षेपामागची वेदना खरी आहे, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे मोल आम्ही कोणापेक्षाही कमी लेखीत नाही. मात्र राग योग्य दाराशी न्यावा. गोवळकोंडा निजामाने बांधलेला नाही. तो मुळात काकतीयांचा, चौदाव्या शतकात बहामनींकडे गेला आणि पुढे कुतुबशाहांनी त्याला दगडी रूप दिले. निजामाचे घराणे आले ते मोगलांच्या बाजूने. पहिल्या आसफजाहाचे आजोबा किलीचखान हे १६८७ च्या याच वेढ्यात तोफेचा गोळा लागून मेले, आणि तो गोळा गोवळकोंड्याचा होता! निजामावर रोष असणाऱ्याने या तटाला नमस्कार करावा. पाठ कसली फिरवतो?

बरे, ‘परक्यांचे कोट’ हा निकष लावावयाचाच तर तो थांबणार कोठे? नळदुर्गातील पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीतला. बोरी नदी अडवून धरणाच्या पोटात महाल बांधला आणि पावसाळ्यात पाणी माथ्यावरून कोसळत असता माणूस आत कोरडा बसू शकेल अशी योजना केली. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील याच नळदुर्गापाशी १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजांची निजामाच्या सैन्याशी झुंज झाली. आमचे गिर्यारोहक त्याच रस्त्याने पुण्यास जातात, बहुधा झोपेत. उदगीरचा किल्ला बहामनी-बरीदशाही परंपरेतला. पण १७६० साली भाऊसाहेबांनी निजामाला नमविले ते उदगीरलाच, आणि तेथूनच पानिपताची वाट सुरू झाली. बीदर तर गोव्याच्या वाचकांनीही पाहावे : महमूद गावानने १४७२ च्या सुमारास गोवे बहामनी राज्यास जोडले, आणि त्याच सुमारास बीदरात त्याचा मदरसा उभा राहिला. आणि इकडे, हैदराबादेपासून पन्नासेक किलोमीटरवर भोंगीर आहे. एकच अखंड खडक, त्यावर चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या काळातला गड. त्या गुळगुळीत पाठीवरून एकदा चढून पाहावे, म्हणजे सह्याद्रीबाहेर कस लागत नाही ही समजूत गळून पडेल. (पाणी मात्र बरोबर न्यावे, खडक दुपारी तव्यासारखा तापतो.)

जर्मनीत रविवारची पदयात्रा ही जवळपास कुळाचाराइतकी रुजलेली चाल आहे, आणि तिचा मुक्काम पुष्कळदा एखाद्या मध्ययुगीन गढीच्या भग्नावशेषांत असतो. त्या गढ्यांचे धनी काही संत नव्हते. ऱ्हाईनच्या काठी येणाऱ्याजाणाऱ्या नावांकडून जकात उकळणारे सरदार त्यांत होते, आणि त्यांतील कित्येक लुटारूच. हायडेलबर्गचा प्रासाद चौदाव्या लुईच्या फौजांनी १६८९ आणि १६९३ मध्ये उद्ध्वस्त केला. तो नव्याने उभारण्याची टूम निघाली तेव्हा गेओर्ग देहिओ या पंडिताने १९०१ साली तिला कडाडून विरोध केला : राखावे, नवे रचू नये. १८९९ मध्ये दुर्गरक्षणाची संस्था निघाली आणि पुढल्याच वर्षी तिने मार्क्सबुर्ग हा गडच विकत घेतला. याच देशात पुढे गतवैभवाच्या भक्तीचा उन्माद झाला आणि जगाने त्याची किंमत मोजली, हेही विसरता येत नाही. आम्ही घ्यावयाचे ते एवढेच की, तिकडचा पांथस्थ पडक्या बुरुजाला त्याचे गोत्र विचारीत नाही. तो बुरुज आपल्या गावच्या वेशीत आहे, एवढे नाते त्याला पुरते.

आमच्या वेशीतल्या कोटाची अवस्था काय आहे? सत्त्याऐंशी बुरुजांच्या तटाला लागून घरे चढली आहेत, नया किल्ल्याच्या कोटात गोल्फचे मैदान आहे, आणि भिंतींवर प्रेमी जनांची नावे कोरलेली आहेत. त्यांत मराठी नावेही आहेत, हे खेदाने नमूद करतो. चारमिनार आणि कुतुबशाही मकबऱ्यांसह गोवळकोंडा २०१० पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत ताटकळत आहे. त्यासाठी मराठी माणसाने एखादी सभा घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

सेतुमाधवराव पगडींनी फार्सी साधने मराठीत आणली. ते याच हैदराबाद संस्थानच्या सेवेत वाढलेले विद्वान. गुलाम यझदानींनी बीदरच्या वास्तूंवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९४७ साली प्रसिद्ध झाला. सामग्री आहे, वापरणारा नाही. येथील मराठी संस्थांनी गोवळकोंड्यावर एक शंभर पानांची, नकाशासह, स्वस्त मराठी पुस्तिका काढावी. विवेकवर्धिनीच्या मुलांना जांबबागेतून पायी निघून लंगरहौजवरून फतेहदरवाजापर्यंत न्यावे. पहाटे निघाले तर ऊन चढण्यापूर्वी पोहोचतात. दरवाजात टाळी वाजविण्यापूर्वी लारीची गोष्ट सांगावी, आणि माथ्यावरून भागानगराकडे बोट करून १६७७ साली मराठ्यांची छावणी याच मुलखात पडली होती हे दाखवावे. पुण्याची गाडी काय, पुढल्या शुक्रवारीही सुटतेच.