नाकावरचा तारा

गाडीअड्डा : साप्ताहिक स्तंभ

लॉटरी लागली तर कोणती जुनी गाडी घ्याल, असं गेल्या लेखाच्या शेवटी सहज विचारलं होतं. उत्तरं वाचतोय आणि चिडतोय. रोल्स-रॉईस फँटम, रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट, जग्वार ई-टाइप, शेपटीला पंख असलेली शेव्हरले बेल एअर, पुन्हा रोल्स-रॉईस. दोघा-तिघांनी प्रीमियर पद्मिनी लिहिलंय, त्यांना माझा नमस्कार. ट्रक एकानेही लिहिलेला नाही. उलट एका गृहस्थांनी टोला हाणलाय : ‘तुमचं ट्रकपुराण आता पुरे. ट्रक ही काय स्वप्नात यायची वस्तू आहे?’

आहे. आणि पुराणाचा पुढचा अध्याय आजच लावतो.

आधी रोल्सवाल्यांचा निकाल. निम्म्या पत्रांत ती कचऱ्याची गोष्ट आहेच. लंडनच्या दुकानात महाराजांचा अपमान झाला, मग त्यांनी गाड्या विकत घेऊन शहराचा कचरा वाहायला लावल्या. कुणाचे महाराज अलवरचे, कुणाचे भरतपूरचे, कुणाचे पतियाळाचे; एकाने तर निजामालाही रांगेत उभं केलंय. एवढे राजे एकाच दुकानात अपमान करून घ्यायला गेले असतील, तर खरी बातमी तीच आहे. गंमत अशी की रोल्स-रॉईसबद्दल आपल्याला आवडणारी एकमेव गोष्टही तिने कधीतरी ट्रकचं काम केलं हीच.

राजाचीच गाडी हवी असेल तर मी सुचवतो. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची 1935 ची ड्यूसेनबर्ग. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बनलेली, आठ सिलिंडर एका ओळीत, जवळजवळ सात लिटरचं इंजिन, वर सुपरचार्जर, कंपनीचा दावा 320 अश्वशक्तीचा. लांबलचक नाक, मागे नारिंगी-काळ्या रंगाचं अंग. ह्या ‘जे’ घराण्याच्या सगळ्या मिळून सुमारे 480 गाड्या झाल्या आणि 1937 मध्ये कंपनीच बसली. ही गाडी स्वप्नात आली तर मी कूस बदलणार नाही, एवढं कबूल.

पण ती बनली कशी ते बघा. ड्यूसेनबर्ग बहुतेक गिऱ्हाइकांना अख्खी मोटार विकत नसे. विकायची ती चॅसिस. मॉडेल जे बाजारात आलं तेव्हा नुसत्या चॅसिसला 8,500 डॉलर पडत. बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायची. होळकरांनी ती लंडनच्या गर्नी नटिंगकडून करून घेतली. म्हणजे इंजिन, चॅसिस आणि रेडिएटर कंपनीचं. बाकी सगळं सुताराचं, पत्रेवाल्याचं आणि रंगाऱ्याचं.

आता हेच वाक्य जमशेदपूरला घेऊन चला. टाटांच्या टेल्कोने 1954 मध्ये डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी पहिला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक रस्त्यावर आला. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, साडेचार लिटरच्या थोडं वर, ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास. गोलसर फुगीर बॉनेट, आणि जाळीवर तो तीन टोकांचा तारा. ट्रकमालकाला मिळायची तीही चॅसिसच. बॉनेट आणि काचेपर्यंतचा दर्शनी भाग कंपनीचा. केबिन, हौदा, फाळके, टपावरचा कॅरियर हे सगळं मालकाने बाहेरून बांधून घ्यायचं. पंजाबात सरहिंदला, तामिळनाडूत नामक्कलला त्याची गावंच्या गावं उभी राहिली. आपल्याकडे महामार्गालगतच्या गॅरेजांतून सुतार आणि लोहार हेच करत आले. केबिन लाकडाची, आत ड्रायव्हरच्या डोक्यावर देव, मागे ‘हॉर्न ओके प्लीज’, आणि फाळक्याच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव.

रीत तीच. कंपनी सांगाडा देते, कारागीर अंग देतो, मालक आपले रंग सांगतो. होळकरांनी आपले सांगितले, नाशिकच्या कांदा वाहणाऱ्या मालकाने आपले. पहिल्याच्या कारागिरासाठी जगभरचे जाणकार टोपी काढतात. दुसऱ्याच्या कारागिराचं नाव पेंटरने लिहिलं असेल तर असेल, आणि पुढच्या दसऱ्याला रंग देताना तेही पुसलं.

मग फरक कुठे पडला? कामात. विंटेज मोटारींच्या फेरीत परीक्षक पहिलं विचारतात ते इंजिनाचा आणि चॅसिसचा नंबर मूळचाच आहे ना, आणि दुसरं, बाकीचे भाग मूळचे किती उरलेत. जितके मूळचे तितकं उत्तम. जिने आयुष्यात काही केलं नाही, तिला करंडक. कसाऱ्याचा घाट पहिल्या गिअरमध्ये चढून, रातोरात माल उतरवून, सकाळी रिकामं परतणाऱ्या ट्रकचं इंजिन किती वेळा खाली उतरलं याची मोजदाद नसते. चॅसिसला जोड मारलेली असते, मागचा आस दुसऱ्याच गाडीचा असतो. परीक्षकाच्या वहीत हे सगळे दोष. माझ्या लेखी तो सेवेचा दाखला. (क्रोम पॉलिश विकणारेच ह्या फेऱ्यांचे खरे आयोजक असावेत, हा माझा जुना संशय आहे. ट्रकला क्रोम कमी असतं, आणखी काय पुरावा हवा?)

हौशी मंडळींचं एक वेळ सोडा, त्यांचा पैसा, त्यांचं पॉलिश. सरकारनेही तेच केलं. जुलै 2021 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांची मुदत. चांगलं झालं. पण विंटेज कोण, तर खासगी वापरातली दुचाकी किंवा मोटार. मालवाहू वाहन त्या व्याख्येत बसतच नाही. पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, वाहनं भंगारात काढण्याचं धोरण वाजतगाजत आलं. म्हणजे आळशी म्हातारीला पाटी, कष्टाळू म्हाताऱ्याला कटर.

पद्मिनीवाल्यांनीही इकडे लक्ष द्यावं. तुमची पांढऱ्या पाटीची पद्मिनी पन्नाशी गाठून विंटेज होऊ शकते. तिच्याच साच्यातली काळी-पिवळी टॅक्सी धंद्याची, म्हणून तिला मुंबईत वीस वर्षांची मर्यादा. शेवटची ताडदेवला 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि 2023 च्या ऑक्टोबरबरोबर सगळा जथा रस्त्यावरून गेला. शहराने गळे काढले, सेल्फी काढले. ज्या कुर्ल्यात पद्मिनी बनली, त्याच कुर्ल्यात प्रीमियरने डॉज आणि फार्गो ट्रकही बांधले होते. त्यांच्यासाठी कुणी हुंदकाही दिला नाही.

ट्रक जपता येत नाहीत, असं म्हणू नका. इंग्लंडमध्ये जुन्या मोटारींची लंडन-ब्रायटन दौड जगप्रसिद्ध आहे. त्याच वाटेवर 1962 पासून जुने ट्रक, बस आणि अग्निबंब यांची वेगळी दौड निघते. दूधवाल्यांच्या, बेकरीवाल्यांच्या, कोळसेवाल्यांच्या गाड्या, दारांवर त्या त्या दुकानाचं नाव जसंच्या तसं. कामाची खूण म्हणजेच तिथे दागिना. हरयाणात तावडूला 2013 पासून वाहतुकीचं जे संग्रहालय आहे, तिथे पालखीपासून रेल्वेच्या डब्यापर्यंत सगळ्याला जागा आहे. आणि आपल्या नगरचं रणगाडा संग्रहालय बघा. तिथे रोल्स-रॉईसची एक चिलखती गाडी उभी आहे. रोल्सवाल्यांनी जरूर जावं. कामाला जुंपलेली रोल्स अशी दिसते. लष्कराला जे कळतं ते आपल्या परिवहन खात्याला कळू नये? 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी निघाली, ती बेडफर्डची बस. दापोडीच्या कार्यशाळेत पुढे नुसत्या चॅसिसवर किती अंगं चढवली गेली. त्या जुन्या गाड्यांपैकी चालती गाडी बघायची असेल तर कुठे जायचं, हे मला एसटीतल्या कुणीतरी सांगावं.

टेल्कोचा तो करार 1969 मध्ये संपला. जाळीवरचा तारा गेला, त्या जागी टाटांचं ‘टी’ आलं, नाक मात्र बरीच वर्षं तसंच राहिलं. म्हणजे ताऱ्याचा शेवटचा ट्रकसुद्धा कधीच पन्नाशी ओलांडून गेलाय. मोटार असती तर पाटी मिळाली असती.

तेव्हा माझ्या लॉटरीचं उत्तर : 1950 च्या दशकातला टाटा-मर्सिडीज, लाकडी केबिनसकट, जोड मारलेल्या चॅसिससकट, कांद्याच्या वासासकट. रंग नवा देणार नाही.

आणि तुम्हाला एक काम. वीटभट्टीच्या मागे, साखर कारखान्याच्या आवारात, एखाद्या जुन्या वाहतूकदाराच्या गोदामाच्या भिंतीला टेकून असं गोल नाक दिसलं, जाळीवर तारा असला किंवा ताऱ्याची नुसती भोकं असली, तरी फोटो काढा. चॅसिसवरची पट्टी पुसून नंबर टिपून घ्या, मालकाला चहा पाजा आणि कागदपत्रं फेकू नका म्हणून सांगा. मग मला कळवा. भंगारवाल्याला कळायच्या आधी.