विश्लेषण : मे महिन्यातला पाऊस जानेवारीची वाइन कशी बिघडवतो?

मोसमी पाऊस २०२५ मध्ये २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. त्याआधी मे महिन्यात राज्यात अनेक ठिकाणी पूर्वमोसमी सरीही कोसळल्या. नाशिक भागातील वाइन द्राक्षांच्या बागांत तेव्हा एकही घड नव्हता. तरीही पुढच्या हंगामाचे नुकसान नेमके याच दिवसांत होऊ शकते.

घडच नसताना नुकसान कसे?
फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल झोपते. नाशिकमध्ये ती झोपत नाही, तिचे वर्ष कात्री ठरवते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. खरड छाटणीनंतर फुटणाऱ्या काडीच्या डोळ्यांत पहिल्या दीड-दोन महिन्यांतच सूक्ष्म घड तयार होतात. त्यासाठी लख्ख ऊन लागते. आभाळ झाकलेले आणि जमीन ओली राहिली तर शेंडा जोमात वाढतो आणि डोळ्यात घडाऐवजी बाळी तयार होते. फळछाटणीआधी डोळे तपासून अंदाज घेता येतो. पण तोवर हातात उपाय उरलेला नसतो.

नंतरचे धोके कोणते?
फळछाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी आणि घडकूज, म्हणजे फवारण्यांचा खर्च. गारपिटीला तर फवारणीही नाही. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड परिसराने ते पाहिले.

खरी परीक्षा काढणीच्या तोंडावर असते. वाइनसाठी मण्यात साधारण २२ ते २४ ब्रिक्स गोडी लागते आणि आम्लताही टिकावी लागते. थंड रात्री आम्लता राखतात. रात्री उबदार राहिल्या तर ती लवकर घटते आणि वाइन चवीला सपक होते. या टप्प्यावर पाऊस झाला की मुळे पाणी ओढतात, गोडी पातळ होते, मणी तडकतात. वाइनच्या अनेक जातींचे घड घट्ट असल्याने कूज आतल्या आत पसरते.

छाटणी लांबवली तर?
परतीचा पाऊस टळू शकतो, पण काढणी मार्चच्या उन्हात जाते. प्लास्टिक आच्छादन उपयोगी असले तरी खर्चीक आहे. शिवाय खाण्याची द्राक्षे पिकवणाऱ्याला निर्यात फसली तर स्थानिक बाजार किंवा बेदाणा हा मार्ग असतो. वाइनची द्राक्षे लहान, बियांची. ती हातगाडीवर खपत नाहीत. करार केलेल्या वायनरीने गोडी कमी म्हणून दर पाडला किंवा माल नाकारला, तर दुसरे गिऱ्हाईक शोधायला बागायतदाराकडे जेमतेम काही दिवस असतात.