ज्याची फजिती, त्यानंच सांगावी!

बालमित्रांनो, मागच्या वेळी आपण सुगरणीच्या खोप्याची गंमत पाहिली. आज जरा वेगळंच. आज फजिती!

दचकलात ना? फजिती म्हटलं की कान आपोआप लाल होतात. पाहुण्यांसमोर धडपडलो, परिपाठात बातमीऐवजी जाहिरातच वाचली, चुकून बाईंनाच 'आई' अशी हाक मारली... असलं काही झालं की वाटतं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. पण टी.व्ही.वरची विनोदी मंडळी बघा. 'चला हवा येऊ द्या' हा कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला, 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ साली. अशा कार्यक्रमांत पाहुणे म्हणून आलेले नट लहानपणच्या, शाळेतल्या, शूटिंगच्या फजित्या सांगतात. एकानं एक सांगितली की दुसरा म्हणतो, हे तर काहीच नाही, माझी ऐका! जणू काही फजितीचा बाजारच भरलाय, आणि ज्याच्या टोपलीत सगळ्यांत मोठी फजिती तो सगळ्यांत श्रीमंत.

आता, हे सगळं अगदी सहज निघाल्यासारखं दिसतं, पण तसं नसतं बरं का. अशा कार्यक्रमांना लेखक असतात, तालमी होतात, चुकलं तर परत चित्रीकरण होतं. तरीसुद्धा मला प्रश्न पडतो. आपण जे लपवून ठेवतो, ते ही माणसं लाखो लोकांपुढं का सांगतात? त्यांना लाज वाटत नाही का?

वाटत असणारच! पण त्यांना एक युक्ती सापडलेली आहे, आणि ती फार जुनी आहे. तुमच्या आजोबांना चिमणराव विचारा. चिं. वि. जोशी म्हणून एक गृहस्थ होते, बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक. केवढा गंभीर विषय! पण १९३० च्या दशकात त्यांनी चिमणराव नावाचा माणूस मराठीत आणला आणि घरोघरी हसू पिकवलं. चिमणराव जिथं हात घालील तिथं घोटाळा. आणि मजा म्हणजे हे सगळं तो स्वतःच सांगतो, 'मी' म्हणून. पुढं मुंबई दूरदर्शनवर त्याची मालिका झाली, तेव्हा चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झाले बाळ कर्वे. याच प्रभावळकरांनी मुलांसाठी आकाशवाणीवर 'बोक्या सातबंडे' आणला. तो तुमच्यातल्या कितीतरी जणांनी वाचला असेल.

पण चिमणराव कल्पनेतला. खरोखरच्या माणसाची गोष्ट सांगू? चार्ली चॅप्लिनची. काठी, गोल टोपी, ढगळ विजार आणि टीचभर मिशीवाला चार्ली. त्यानं १९६४ साली आत्मचरित्र लिहिलं. त्यात त्यानं रंगमंचावरच्या आपल्या पहिल्या दिवसाची हकिगत सांगितली आहे. साल १८९४, वय वर्षं पाच!

चार्लीची आई नाटकशाळांमधून गाणी म्हणायची. घरची गरिबी. तिचा आवाज अधूनमधून बसायचा. इंग्लंडमध्ये ऑल्डरशॉट नावाचं गाव आहे, तिथं सैन्याची छावणी. प्रेक्षक बहुतेक सगळे शिपाई. आई गायला उभी राहिली आणि ऐन गाण्यात आवाज फाटला. झालं! लोक हसायला लागले, ओरडायला लागले, मांजराचे आवाज काढायला लागले. ती बिचारी आत आली. आता काय करायचं? व्यवस्थापकानं पाच वर्षांच्या चार्लीचा हात धरला आणि त्याला रंगमंचावर नेऊन सोडलं.

पोरगं गायला लागलं. अर्धं गाणं झालं असेल-नसेल, तोच लोकांनी पैसे फेकायला सुरुवात केली. चार्लीनं काय केलं असेल? गाणं बंद केलं आणि जाहीर केलं, की आधी पैसे गोळा करतो, मग गातो! सगळे खो-खो हसले. व्यवस्थापक रुमाल घेऊन मदतीला आला. चार्लीला वाटलं, हा बाबा पैसे स्वतःच ठेवून घेणार. म्हणून तो त्याच्या मागं मागं गेला, आणि रुमाल आईच्या हातात पडल्यावरच परत येऊन गायला लागला. हसण्याचा नुसता पाऊस! पुढं तर त्यानं आईची नक्कल केली. तिचं गाणं म्हणताना मध्येच तिचा आवाज जसा फाटायचा तसाच हुबेहूब फाडून दाखवला. त्याला काय कळतंय? लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणखी पैसे टाकले. शेवटी आई त्याला न्यायला आली. चार्लीनं लिहिलंय, त्या रात्री तो पहिल्यांदा रंगमंचावर आला आणि आईची ती शेवटची वेळ.

ही हकिगत मी वर्गात सांगते तेव्हा आधी सगळे हसतात आणि शेवटी एकदम गप्प होतात. तुम्हीही विचार करा. प्रेक्षक तेच, जागा तीच, रात्र तीच. फाटलेला आवाजसुद्धा तोच! आईच्या फाटलेल्या आवाजाला लोक हसले तेव्हा ती मोडली. मुलाच्या फाटलेल्या आवाजाला हसले तेव्हा त्याचं कौतुक झालं. म्हणजे हसण्याहसण्यात फरक असतो. पत्तरशीला... नाही, पंच्याहत्तरीला आलेल्या चार्लीनं ते सारं स्वतःच्या हातानं लिहून काढलं, आईचं दुःखही आणि आपली पैशाची हावही. तेव्हा ती गोष्ट त्याच्या मालकीची झाली.

आपल्याकडचा जॉनी लिव्हर घ्या. त्याचं बालपण मुंबईत धारावीत गेलं. घरच्या अडचणीमुळं सातवीतच शाळा सुटली. रस्त्यावर पेन विकायचा, आणि गिऱ्हाईक थांबावं म्हणून सिनेनटांच्या नकला करत विकायचा. पुढं हिंदुस्थान लिव्हर कंपनीत कामाला लागला. तिथल्या एका कार्यक्रमात त्यानं चक्क साहेबांच्या नकला केल्या. कामगार इतके खूश झाले, की त्याचं नावच पडलं जॉनी लिव्हर! सातवीत शाळा सुटली, पेन विकले, हे सगळं तो मुलाखतींतून मोकळेपणानं सांगतो. दुसऱ्या कुणी ते हिणवून सांगितलं असतं तर? पण तो स्वतःच सांगून बसलाय म्हटल्यावर हिणवणाऱ्याच्या हातात राहतं काय? भोपळा!

बरं, मुंबई राहू द्या. आपल्या मराठवाड्याकडं या. उन्हाळ्याच्या सुट्टीत चाकूरचं, अहमदपूरचं पोरगं पुण्याला मावशीकडं जातं. मावशी विचारते, काय करतोयस रे? हे सांगतं, "जेवलालाव." संपलं! मावसभावंडं पोट धरून हसतात. महिनाभर तेच, "काय करलालास? जेवलालाव का?" परत आलेलं पोरगं मग घरातसुद्धा जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायला लागतं. मला याचं फार वाईट वाटतं.

आणि याच आपल्या बोलीवर एका माणसानं जग जिंकलं. प्रा. लक्ष्मण देशपांडे. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठात ते नाट्यशास्त्र शिकवायचे. त्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. मराठवाड्यातलं एक कुटुंब लग्नासाठी विमानानं लंडनला निघतं आणि मग जो काही गोंधळ होतो, तो बघायचा. बावन्न पात्रं, आणि ती सगळी एकटे देशपांडे करायचे! म्हातारा तेच, म्हातारी तेच, पोरगं तेच, विमानातली बाई तेच. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. पुण्या-मुंबईची माणसं नाट्यगृहं भरभरून हसली. जी बोली ऐकून मावसभावंडं हसतात, तीच ही बोली! पण इथं हसवणारा आपल्यातला होता, घरच्या माणसांवर माया ठेवून त्यांची फजिती सांगत होता. कुणाला कुठं हसवायचं हे त्याच्या हातात होतं. देशपांडे सर २००९ साली गेले. नंतर माजलगावच्या संदीप पाठक यांनी ते नाटक पुन्हा रंगमंचावर आणलं. संधी मिळाली तर जरूर बघा.

एक मात्र मला आवडत नाही, ते सांगून टाकते. टी.व्ही.वरच्या काही कार्यक्रमांत एखाद्याचा रंग, एखादीचा जाडेपणा, कुणाचे दात यांवर पुन्हा पुन्हा विनोद करतात. समोरचा नट आहे, त्याला त्याचे पैसे मिळतात, तो हसून घेतो. पण दुसऱ्या दिवशी तोच विनोद शाळेत येतो, आणि इथं ज्याच्यावर होतो त्याला कुणी विचारलेलं नसतं.

आता माइकची गोष्ट. आकाशवाणीच्या स्टुडिओत दाराशी एक लाल दिवा असतो. तो लागला, की समजायचं माइक चालू आहे. आता खोकलात तरी गावोगाव ऐकू जाणार. म्हणून तिथली माणसं दिव्याकडं बघून मगच तोंड उघडतात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मात्र असा दिवा नसतो! आमच्या शाळेत पाचवीची एक मुलगी गाणं म्हणायला उभी राहिली. (तिला विचारूनच लिहितेय हं. ती म्हणाली, "नाव बी टाका की बाई." पण नाव मी टाकत नाही.) मंडपात सगळं गाव. सरपंच, पालक, आज्या. पेटी वाजली, तबला वाजला, आणि ही गाण्याऐवजी माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "बाई, एकीला जायचंय." हळूच म्हणाली, पण माइक हातात! पार बसस्टँडपर्यंत ऐकू गेलं.

मंडप हसला. त्यात काय, मंडप हसणारच. पण कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं, आणि पोर घरी पोहोचायच्या आत तिची फजिती गावातल्या ग्रुपवर पोहोचली. शेजारच्या वाडीतल्या पोरांनीही बघितली. तिला नाव पडलं, 'एक नंबर'. चार्लीच्या आईला त्या रात्री जे शिपाई हसले, ते मंडप सोडून घरी तरी गेले असतील. इथं तर मंडप उठतच नाही! कुणीही, केव्हाही, परत बोट लावलं की परत हशा. ही मुलगी शाळेत यायची, पण परिपाठाला मागं उभी राहायची. पाणी प्यायची बंद झाली होती, हे तिच्या आईनं सांगितलं तेव्हा मला कळलं.

आमच्या वर्गात शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटची अर्धी घटका आम्ही फजितीला देतो. नियम एकच. फजिती स्वतःची सांगायची, दुसऱ्याची नाही. आणि सांगायचीच असंही नाही. पहिल्या शनिवारी एकानं सांगितलं, की पाहुण्याची चप्पल घालून तो रानात गेला आणि पाहुणे अनवाणी स्टँडवर गेले. एकीनं सांगितलं, की तिनं मिठाऐवजी खायचा सोडा घालून वरण केलं. ते वरण तिचे वडील बिनबोभाट जेवले! ती 'एक नंबर' मुलगी चार शनिवार गप्प होती. मी विचारलं नाही.

पाचव्या शनिवारी उठली. आणि बालमित्रांनो, काय सांगितलं म्हणता! आम्हाला कुणालाच ठाऊक नसलेलं. तिच्या मोठ्या भावानं तिला सांगितलं होतं, की पाणी पिलं की गळा साफ होतो. म्हणून ती मंडपामागं तांब्या घेऊन बसली होती. एक तांब्या झाला, दुसरा झाला, तिचा नंबर काही येईना, आणि स्टेजवर भाषणं काही संपेनात. प्रत्येक भाषणाला ती कशी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, ते तिनं करून दाखवलं. एका पाहुण्यांचं "दोन शब्द बोलतो" तर असं काही म्हटलं, की हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्गही हसत होता, पण आता ती म्हणेल तिथं हसत होता. "आता थांबा," म्हणाली, की थांबत होता. शेवटी माइकचं आलं तेव्हा सगळ्यांना आधीच ठाऊक असलेलं ते वाक्य तिनं इतक्या उशिरा म्हटलं, की पोरं बाकावरून उठून वाट बघत होती.

तो व्हिडिओ अजून कुणाकुणाच्या मोबाईलात असेल. दोघंतिघं अजून तिला त्या नावानं हाक मारतात. पण परवा परिपाठाला दिनविशेष तिनंच सांगितला, पुढं उभं राहून. माइक हातात घेतल्यावर आधी तो बंद आहे की चालू, हे फुंकर मारून बघितलं!

तर दोस्तांनो, आता तुमची पाळी. तुमची एक फजिती पोस्टकार्डावर लिहा आणि मासिकाच्या पत्त्यावर पाठवून द्या. दहा-बारा ओळी पुरेत. कुठं झाली, तेव्हा कोण कोण होतं, तुम्ही नेमकं काय म्हणालात, हे लिहायला विसरू नका, कारण खरी मजा त्यातच असते. तुमच्या बोलीत लिहा. 'जेवलालाव' असेल तर 'जेवलालाव'च. नाव छापायचं नसेल तर कोपऱ्यात तसं लिहा. भावाची, बहिणीची, मैत्रिणीची फजिती मात्र पाठवू नका. ती त्यांना पाठवू द्या. आणि हो, पत्ता नीट लिहा हं, नाहीतर तुमची फजिती भलत्याच्याच घरी जाऊन पडायची!