सहा कृत्तिका आणि जोयड्याची जिप्सी



मंडळाच्या सहलीला निघताना पार्किंगमध्ये गाड्या मोजायची मला जुनी खोड आहे. या वेळी सतरा गाड्या होत्या आणि त्यांतल्या सहा सुबारू. आपल्या बर्फाच्या प्रदेशात यात नवल काही नाही. पण कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने मला विचारलं, "मावशी, तुम्ही सारखं सांगता की तुमच्या आजोळी केवढा पाऊस, केवढा चिखल, केवढे घाट. मग तिकडे सुबारू का नाही दिसत?"

प्रश्न चांगला होता. बसमध्ये त्याला अर्धंच उत्तर देता आलं, म्हणून या महिन्याचं सदर त्यावर.

आधी सुबारू. हे जपानी नाव म्हणजे आपल्या कृत्तिका. आकाशातला तो छोटासा झुबका. आपल्याकडे कृत्तिका सहा, कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या सहा माता. गाडीच्या बिल्ल्यावरही सहाच तारे आहेत, एक मोठा आणि पाच लहान. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानं बनवणारी नाकाजिमा ही कंपनी युद्धानंतर अमेरिकनांनी मोडून तिचे तुकडे केले. विमानं बंद, म्हणून कामगारांनी 1946 साली 'रॅबिट' नावाची स्कूटर काढली. पहिल्या स्कूटरना बॉम्बर विमानांच्या शेपटाची उरलेली चाकं लावली होती असं सांगतात. पुढे 1953 मध्ये त्या तुकड्यांपैकी पाच कंपन्या एकत्र येऊन सहावी, फुजी हेवी इंडस्ट्रीज, उभी राहिली. पाच लहान तारे, एक मोठा. 'सुबारू' या शब्दातच एकत्र येण्याचा अर्थ आहे. कंपनीचं अधिकृत नाव मात्र 2017 साली सुबारू झालं.

चारही चाकांना ताकद देण्याची कल्पना या कंपनीला कुठून मिळाली, ते मला सगळ्यांत आवडतं. जपानच्या ईशान्येला तोहोकू हा डोंगराळ, बर्फाळ भाग आहे. तिथल्या वीज कंपनीच्या माणसांना हिवाळ्यात तारा तपासायला डोंगरात जावं लागे. जीप होती, पण ती थंडगार, खडखडणारी आणि दणके देणारी. त्यांनी स्थानिक सुबारू विक्रेत्याला विचारलं, की नेहमीच्या गाडीसारखी आरामशीर पण जीपसारखी चढणारी गाडी मिळेल का? विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये एका स्टेशन वॅगनला मागचीही चाकं फिरतील अशी जोडणी करून दिली. 1971 च्या टोकियो मोटर शोमध्ये ती गाडी मांडली आणि 1972 मध्ये लिओनी वॅगन याच रूपात बाजारात आली. म्हणजे ही शर्यतीच्या मैदानातली कल्पना नव्हे, लाइनमनची गरज होती.

आपल्या इथे ती घरोघरी कशी पोहोचली, हेही ऐकण्यासारखं आहे. 1990 च्या दशकात अमेरिकेत सुबारूची विक्री घसरली होती. मोठ्या कंपन्यांशी टक्कर द्यायचं सोडून त्यांनी ठरवलं, की इथे आपण फक्त चारही चाकांच्या गाड्या विकायच्या. मग या गाड्या आधीपासून कोण घेतंय ते शोधलं. शिक्षक, दवाखान्यात काम करणारे, इंजिनियर, डोंगरात भटकणारे आणि लेस्बियन स्त्रिया. त्या काळी या शेवटच्या गटासाठी जाहिरात करायला बाकीचे कचरत होते, सुबारूने ती उघडपणे केली. तुमच्यातल्या तरुणांना ही गाडी 'आपली' वाटते त्यामागे हेही एक कारण असावं. नुसता बर्फ नाही.

आता आजोळ. उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा तालुका. बेळगावहून खानापूर, लोंडा करत गोव्याकडे निघालात की अनमोड घाटाआधी रामनगर लागतं, ते माझ्या आईचं माहेर. खरं तर तेही मूळचं नव्हे. मूळ गाव सुपा, आणि तालुक्याचं जुनं नावही तेच. काळी नदीवर 101 मीटर उंचीचं धरण झालं, सुपा पाण्याखाली गेलं आणि माणसं रामनगरला आली. घरात मराठी, अंगणात कोंकणी, कचेरीत कन्नड. बाकी सगळं जंगल. 2007 मध्ये इथे दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला, 2015 मध्ये त्याचं नाव काळी व्याघ्र प्रकल्प झालं.

या तालुक्यात सुबारू खरोखरच दिसत नाही. भारतात ती स्वतःच्या नावाने आलीच नाही. एकदा दुसऱ्याच नावाने येऊन गेली. जनरल मोटर्सची सुबारूमध्ये भागीदारी होती त्या काळात, 2003 च्या सुमारास, सुबारू फॉरेस्टर भारतात 'शेवरोले फॉरेस्टर' म्हणून विकली जायची. आयात केलेली, महागडी. थोड्या हौशी लोकांनी घेतली आणि काही वर्षांत ती गेलीही.

तिची जागा जोयड्यात आधीच भरलेली होती. तिथे होती मारुती जिप्सी. तीही जपानीच, फक्त कृत्तिकांच्या घरची नाही, सुझुकीच्या घरची.

जिप्सीची आई जिम्नी. होप मोटर नावाच्या एका लहान जपानी कंपनीने 1960 च्या दशकाच्या शेवटी एक पिटुकली चार-चाकी-ताकदीची गाडी बनवली होती, पण ती त्यांना खपवता येईना. सुझुकीतल्या ओसामू सुझुकींनी कंपनीतल्यांचा विरोध पत्करून तिचे हक्क विकत घेतले. एप्रिल 1970 मध्ये जिम्नी आली. 359 सीसीचं इंजिन, 25 अश्वशक्ती. आपल्या बुलेट मोटारसायकलएवढं इंजिन म्हणा ना. जपानमध्ये कमी कराच्या छोट्या गाडीला तीन मीटर लांबीची मर्यादा होती. स्टेपनी मागे टांगली तर गाडी त्या मापाबाहेर जाई. म्हणून स्टेपनी मागच्या सीटच्या जागी आत ठेवली आणि गाडी तीन माणसांची केली! हेच ओसामू सुझुकी पुढे मारुतीतले भागीदार म्हणून आपल्या घराघरांत पोहोचले. डिसेंबर 2024 मध्ये ते गेले आणि 2025 च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

जिम्नीच्या पुढच्या पिढीची लांब आवृत्ती 1985 च्या डिसेंबरात भारतात जिप्सी म्हणून आली. 970 सीसी, 45 अश्वशक्तीच्या आसपास. 1996 मध्ये 1300 सीसीचं इंजिन आलं, 2000 मध्ये ताकद 80 पर्यंत गेली. तेहेतीस वर्षांत जवळजवळ एवढेच बदल. तिची बहीण अमेरिकेत 'सामुराई' म्हणून आली होती. तुमच्या आईबाबांना विचारा, 1988 मध्ये ती उलटते म्हणून केवढा गदारोळ झाला होता ते त्यांना आठवत असेल.

माझ्या मामाकडे जी जिप्सी आहे ती लष्कराच्या लिलावातली, बेळगावच्या एका दलालामार्फत घेतलेली. हिरव्या रंगावर पांढरा मारलाय, पण दाराच्या कडेला हिरवा अजून दिसतो. मामा शेतकरी, थोडी सुपारी, थोडं भात. हौस म्हणून गाडी घेणारा माणूस नव्हे तो. मी विचारलं, "मामा, बोलेरो का नाही घेतलीस? जागा जास्त, डिझेल स्वस्त." तर म्हणाला, "अगे, बोलेरो रुतली तर ट्रॅक्टर शोधायचा. जिप्सी रुतली तर चार माणसं शोधायची. माणसं मिळतात गे."

सगळं मर्म त्यात आलं. जिप्सीचं वजन साधारण एक टन. जांभ्याची ती लाल माती जून महिन्यात लोण्यासारखी होते, तिथे ताकदीपेक्षा हलकेपणा कामाला येतो. जड गाडी स्वतःच्याच वजनाने खाली जाते. जिप्सी वरच्यावर सरकते.

दुसरी गोष्ट, तो छोटा लिव्हर. गिअरच्या शेजारी आणखी एक दांडा असतो. तो मागे-पुढे केला की पुढची चाकंही फिरायला लागतात, आणि 'लो'ला टाकला की गाडी मुंगीच्या चालीने पण बैलाच्या जोराने चढते. ओहळातले गोटे, ओली चढण, सगळं पहिल्या गिअरमध्ये, क्लचला हात न लावता (पाय म्हणा!). तो दांडा कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र टाकायचा नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. जिप्सीत पुढचा आणि मागचा दांडा एकत्र जखडलेले असतात, मधे तो फरक सामावून घेणारं काही नाही. चिखलात चाक थोडं घसरून तो ताण निघून जातो, डांबरावर निघत नाही. गाडी आखडते, आवाज करते, शेवटी काहीतरी तुटतं.

तुमच्या सुबारूत असला दांडा नाही. सुरुवातीच्या लिओनीत होता, बरं का! पुढे त्यांनी तो काढला आणि चारही चाकं कायम चालती ठेवली. कारण तुमच्या हायवेवर काळा बर्फ कुठे असेल ते कुणालाच ठाऊक नसतं. डोळ्यांना दिसतही नाही. ठरवायला वेळच मिळत नाही, तेव्हा गाडीनेच ते काम करायचं. जोयड्यात तसं नाही. डांबर कुठे संपतं ते मामाला पक्कं ठाऊक आहे. तिथे थांबायचं, दांडा टाकायचा, पुढे जायचं. मला विचाराल तर दोन्हींत श्रेष्ठ कोण हा वाद फुकटचा आहे, पण चालवायला शिकायचं असेल तर दांड्याची गाडी बरी. माझ्या लेकीला मामाआजोबांनी त्यावरच शिकवलं.

सफारीवाल्यांचं प्रेम वेगळ्या कारणाने. पेट्रोल इंजिन, डिझेलसारखी धडधड नाही. वरचा कापडी टप काढला की चारी बाजू मोकळ्या. गवा समोर आला तर इंजिन बंद करून नुसतं बसता येतं. बाकी जिप्सीत बसणं म्हणजे शिक्षाच. पुढे-मागे दोन्हीकडे पाट्यांच्या कमानी, प्रत्येक खड्डा सरळ मणक्याला कळतो. माझी मामी त्यापेक्षा उळवीच्या जत्रेला येणारी बैलगाडी बरी म्हणते. माघी पौर्णिमेच्या सुमारास धारवाड-बेळगावकडून शेकडो बैलगाड्या जंगलातून उळवीच्या चन्नबसवेश्वराला येतात, अजूनही. आठ पाय, आठही चालते. जपान्यांच्या आधीपासूनची ऑल-व्हील ड्राइव्ह.

पण हे गमतीचं झालं. मामाच्या जिप्सीने किती बाळंतिणी आणि किती साप चावलेली माणसं बाहेर काढलीत, त्याची वही कुणी ठेवलेली नाही. आत जंगलातल्या कुणबी आणि गवळी वाड्यांवर पावसाळ्यात जीप जाईल असाही रस्ता नसतो. डोलीतून माणसाला अर्ध्या वाटेपर्यंत आणतात आणि तिथे गाडी उभी असावी लागते. एकदा श्रावणात मी सोबत होते. रात्री दीड वाजता ओहळाच्या अलीकडे हेडलाइट लावून आम्ही तासभर बसलो. पलीकडून बॅटरीचे उजेड उतरताना दिसले. कांबळ्यात गुंडाळलेली बाई, विशी-बावीसची. मामाने एकही शब्द न बोलता 'लो' टाकला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. त्या तासाभरात तुमच्या-माझ्या 'ऑफ-रोडिंग'च्या व्हिडिओंबद्दल मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही.

व्याघ्र प्रकल्पाच्या आत रस्ता रुंद करायचा तर वनखात्याच्या परवानग्या लागतात, आणि त्या लागाव्यात असंही मला वाटतं. वाघाचं जंगल एकदा कापलं की गेलं. दुसरा मार्ग म्हणजे उठून बाहेर येणं. सरकार कुटुंबामागे 15 लाख देतं. काहींनी घेतले, काही म्हणतात आमची शेतं, आमचे कंद, आमचा देव इथे आहे. एकदा सुपा सोडलेल्या घरातली मी. मला त्यांना काही सांगवत नाही. तोवर मधल्या त्या सात-आठ किलोमीटरला जिप्सी हवी.

आणि जिप्सी आता बनत नाही. एअरबॅग, एबीएस, टक्कर-चाचणी असे नवे नियम आले, ते तिला झेपणारे नव्हते. 2019 मध्ये सामान्य गिऱ्हाइकांसाठी ती बंद झाली, सैन्यासाठी पुढेही थोडी बनली. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. जिप्सीचा अपघात मी पाहिलाय, पत्रा म्हणजे डबाच. 2023 च्या जूनमध्ये तिच्या जागी पाच दारांची नवी जिम्नी आली. दोन दांडे, 'लो', सगळं आहे, वर एसी आणि सहा एअरबॅग. सुरुवातीची किंमत तेव्हा पावणेतेरा लाखांच्या घरात होती. गुरुग्रामला बनते. भारतात ती फारशी खपली नाही. तीच गाडी जानेवारी 2025 मध्ये 'नोमाड' नावाने जपानला गेली, तर चार दिवसांत 50 हजार मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणीच थांबवावी लागली. होप मोटरची ती न खपलेली गाडी!

मी मामाला विचारलं, नवी घेऊया का, आम्ही भाचरं मिळून पैसे काढू. तो हसला. म्हणाला, "एवढी चकचकीत गाडी व्हाळात घालायला माझा जीव होणार नाही. आणि छप्पर काढता येतं का तिचं? मग डोली आडवी कशी ठेवू?"

मागची सीट पाडून ठेवता येईल, असं लेकीने त्याला मोबाइलवर दाखवलं. तो बराच वेळ बघत होता. मग टेप आणायला सांगितला. डोलीचा बांबू नऊ फूट भरला.

सध्या जुनीच गाडी चालू आहे. फिटनेसचा दाखला पुढच्या पावसाळ्यापर्यंत आहे आणि मागचा एक पाटा बेळगावच्या जुन्या बाजारातून यायचाय. डिसेंबरात कुणी गोव्याला जाणार असाल तर अनमोडमार्गे जा आणि मला कळवा. मामीच्या हातची मुडलीची भाजी नक्की मिळेल, कंदांचा हंगाम असतो. जिप्सीतून फेरफटका हवा असेल तर मात्र पाठीला उशी घेऊन या.