साडेचारशे किलोमीटर, सहा दिवस

फौजेतून निवृत्त होऊन गावी परतलेला माणूस पारावर बसला की एक वाक्य हमखास बोलतो, "सगळा भारत पालथा घातलाय." मीही बोललोय. अठ्ठावीस वर्षं सिग्नल्समध्ये काढली, नकाशावर बोट ठेवून दाखवता येतील अशा अकरा ठिकाणी राहिलो. पण मंडळी, छातीवर हात ठेवून सांगा, आपण नेमकं काय पाहिलं? मूव्ह ऑर्डर हातात पडली, काळी ट्रंक आणि होल्डॉल बांधला, रेल्वेचं वॉरंट घेतलं, दोन रात्री डब्यात झोपून काढल्या. पुढे ट्रान्झिट कॅम्प, मग कॉन्व्हॉय, आणि गाडीच्या ताडपत्रीच्या फटीतून दिसेल तेवढा मुलूख. जम्मूचं स्टेशन मला पाठ आहे, जम्मू शहर नाही. आपण देशभर राहिलो हे खरं. पाहिला म्हणणं जरा जास्तच होतं.

हे सुचायला कारण घडलं ते फेब्रुवारी 2025 मध्ये. मी आणि आमची ही, तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीपासून निलगिरीतल्या वेलिंग्टनपर्यंत गाडीने गेलो. अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर. मुलगा चेन्नईला नोकरीला आहे, गाडी त्याची. तो म्हणाला, "बाबा, नऊ-दहा तासांचा रस्ता आहे, सकाळी निघा, रात्री जेवायला वर." मी म्हटलं, सहा दिवस लागतील. त्याला वाटलं माझे डोळे अधू झालेत.

डोळे ठीक आहेत. वीस वर्षांची एक उधारी फेडायची होती.

26 डिसेंबर 2004, रविवार. आम्ही उत्तर काश्मीरमध्ये एका चौकीवर होतो, खिंड बर्फाने बंद. माझ्या डिटॅचमेंटमध्ये एक नाईक होता, नागपट्टिनमजवळच्या कोळीवाड्यातला. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. आम्ही सगळे त्याला थंबीच म्हणायचो. दुपारी रेडिओवर त्सुनामीची बातमी आली. सुरुवातीला आम्हाला तो शब्दच कळला नाही. संध्याकाळपर्यंत नागपट्टिनमचं नाव पुन्हा पुन्हा येऊ लागलं. आता गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. आम्ही सिग्नलवाले, दुसऱ्यांची बोलणी जोडून देणं हाच आमचा धंदा. दिल्लीची, चेन्नईची लाइन आम्ही मिळवली, पण त्याच्या गावापर्यंतचा फोन चार दिवस लागला नाही. सेटसमोर तो बसून, मी उभा. पाचव्या दिवशी तालुक्याच्या कुठल्याशा कचेरीतून निरोप मिळाला. आई पहाटे वाळूवर मासळी पसरायला गेली होती. खिंड उघडून त्याला खाली पाठवेपर्यंत जानेवारी उजाडला होता. नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून जास्त माणसं गेली. तो पोचला तेव्हा आईला इतरांबरोबर एकाच खड्ड्यात पुरून झालं होतं.

निघताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हटलं होतं, मी येईन तुझ्या घरी. असं आपण म्हणतो.

पुढे 2009 ते 2011 मी वेलिंग्टनला होतो. तिथून त्याचं गाव चारशे किलोमीटरच्या आसपास. तीन वर्षांत गेलो नाही. कारणं खोटी नव्हती. सुट्टी मिळाली की सातारा गाठायचा, म्हातारी आजारी, घराचं बांधकाम, पोराची बारावी. दर पोंगलला त्याचा फोन यायचा, "उस्ताद, कब आता?" आणि मी म्हणायचो, "अगली छुट्टी."

असो. पहिला मुक्काम तरंगमबाडीला केला. तिथे डॅनिश लोकांचा किल्ला आहे, 1620 चा, अगदी समुद्राला टेकलेला. दुसऱ्या दिवशी नागोरला थांबलो. तिथल्या दर्ग्याला पाच मिनार आहेत आणि त्यांतला सर्वांत उंच, 131 फुटांचा, तंजावरच्या मराठा राजाने, प्रतापसिंहाने बांधून दिलेला. दारातल्या माणसाला मी मराठी असल्याचं सांगितलं तर त्याने मिनाराकडे बोट केलं आणि नुसता हसला. चौकीवरचं मंदिर, मशीद, गुरुद्वारा एकाच छपराखाली चालवलेल्या आपल्यासारख्यांना त्यात नवल नाही, पण बरं वाटलं.

थंबीच्या घरी पोचलो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "कितना टाइम?" मी म्हटलं, दोन रात्री. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग आत जाऊन बायकोला तामिळमध्ये काहीतरी म्हणाला आणि आतून भांड्यांचा आवाज सुरू झाला. नंतर त्याने सांगितलं, त्या वेळी मदतीला खूप माणसं आली, चांगली माणसं, जीव तोडून काम करणारी. पत्रकारही आले, आणि मागाहून वर्षानुवर्षं बघे येत राहिले. पण गाडीचं इंजिन बंद करून, चप्पल काढून, रात्रीला राहणारं फारसं कोणी नव्हतं.

त्याचं घर आता समुद्रापासून आत आहे, त्सुनामीनंतर बांधलेल्या वसाहतीत. पक्कं घर, ओळीत सारखी घरं, आपल्या फॅमिली क्वार्टर्ससारखी. सुरक्षित आहे. पण कोळ्याला दारातून समुद्र दिसत नसेल तर त्याने वारं कसं ओळखायचं? होडी किनाऱ्यावर, जाळी किनाऱ्यावर, आणि माणूस चालत ये-जा करतो. त्याचा धाकटा भाऊ पहाटे तीनला सायकल काढतो. थंबी स्वतः एका बँकेत पहारेकरी आहे, दोननळी बंदूक घेऊन उभा राहतो. म्हणाला, "उस्ताद, इधर सिग्नल फुल है", आणि मोबाइल वर करून दाखवला. आम्ही दोघंही हसलो, आणि मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो मला वाळूवर घेऊन गेला. आई मासळी पसरायची ती जागा त्याने दाखवली. तिथे काही नाही. दुसऱ्या बायका मासळी पसरत होत्या. मी काय बोलणार? वीस वर्षं जे बोलायचं ठरवून ठेवलं होतं ते तिथे एकदम फुसकं वाटलं. "देर हो गया," एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "रोड लंबा है, उस्ताद." टोमणा होता की समजूत, मला अजून ठरवता आलेलं नाही.

इकडे आमची ही हर्णैची. तिला ना तामिळ येतं, ना थंबीच्या बायकोला हिंदी. पण मासळी कुठल्या उन्हात किती वाळवायची, मीठ किती, यावर दोघींची दोन दिवस अशी काही चर्चा चालली की आम्हीच पाहुणे वाटू लागलो. निघताना गाडीच्या डिकीत करुवाड, म्हणजे सुक्या मासळीचं एक भलं मोठं गाठोडं येऊन पडलं. नको म्हणायची सोय नव्हती.

तिथून तंजावर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. कावेरीच्या खोऱ्यात सांबा भाताची कापणी चालू होती आणि शेतकऱ्यांनी अर्ध्या डांबरी रस्त्यावर भात वाळत घातलं होतं. मागून एक गाडीवाला हॉर्नवर हात ठेवूनच होता. त्याला घाई होती. भाताला ऊन हवं होतं. 1930 साली राजाजी मिठाच्या सत्याग्रहासाठी तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमला याच मुलखातून पायी गेले. शंभरेक सत्याग्रही, दीडशे मैल, पंधरा दिवस. गावोगाव मुक्काम केले म्हणून तर गावोगाव ती चळवळ पोचली. मोटारीने गेले असते तर मीठ उचलून झालं असतं, पण वाटेतल्या कुणाला पत्ता लागला नसता.

तंजावरला दोन रात्री राहिलो, आणि मराठी माणसाला माझा आग्रह आहे की कमीत कमी एवढं राहाच. बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पूर्ण केलं. सगळे त्याचं शिखर बघतात, बघावंच. पण त्याच आवाराच्या भिंतीवर 1803 साली सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. भिंतभर मराठी, सातशे कोस दूर म्हणावं अशा गावात. मी उभा राहून जमेल तेवढं वाचायचा प्रयत्न करत होतो. तेवढ्यात मराठी बोलणारा एक पर्यटकांचा जथा आला. गाइडने घड्याळ बघून सांगितलं, चाळीस मिनिटं, कारण पुढे त्रिची आणि मदुराई. त्या भिंतीकडे कोणी वळलंही नाही. मी एका काकांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, "अरे वा," फोटो काढला आणि बसकडे पळाले. त्यांना दोष कसा देऊ? मी तर तीन वर्षं वेलिंग्टनला राहून इथे आलो नव्हतो.

मला रागही याच गोष्टीचा येतो. आपण नोकरीभर घाईत हिंडलो, कारण हुकूम होता. पेन्शन आल्यावर कुणाचा हुकूम आहे? तरी माजी सैनिकांच्या ग्रुपवर बघा, "सात दिवसांत उटी, कोडाई, मुन्नार, कन्याकुमारी, रामेश्वर" असले बेत. दिवसाला तीनशे किलोमीटर गाडीत बसायचं, आणि वाटेत टोलनाक्यावर ओळखपत्र काढून वाद घालायचा. टोलची सूट 1901 च्या कायद्याने आहे ती ड्यूटीवर असलेल्या जवानाला. तुम्हा-आम्हाला नाही. शंभर रुपयांसाठी फौजेची इज्जत त्या नाक्यावर कशाला मांडायची?

तंजावरहून कल्लणै पाहिलं. करिकाल चोळाचं म्हणून ओळखलं जाणारं धरण, शेकडो वर्षं जुनं आणि अजून पाणी वळवतंय. पुढे त्रिची, करूर, अविनाशी हा रस्ता, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रात्री मेट्टुपाळयमला थांबलो. सकाळी सात-दहाला निलगिरीची छोटी गाडी सुटते, ती सोडायला स्टेशनवर गेलो. उटीपर्यंत 46 किलोमीटर, चढायला जवळजवळ पाच तास. देशातली सगळ्यात सावकाश गाडी. रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी, तिला इंजिनाचं दातेरी चाक धरून धरून वर जातं. 1899 पासून ती कुन्नूरपर्यंत अशीच चढते आणि तिची तिकिटं मिळत नाहीत. हळू जायला लोक पैसे मोजतात, फक्त ते तिकीट म्हणून विकावं लागतं.

घाटाच्या तोंडाशी ई-पास तपासला. मे 2024 पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने बाहेरच्या गाड्यांना निलगिरीत तो लागतो. पुढे 2025 च्या उन्हाळ्यासाठी आकडाही ठरला, रोज 6,000 गाड्या, शनिवार-रविवारी 8,000. हॉटेलवाले नाराज झाले, त्यांचं पोट त्यावर आहे, ते मी समजू शकतो. पण फिरायला जाणाऱ्यांची ओरड मला पटत नाही. "आम्ही देशासाठी लढलो, आम्हाला कसला पास?" असं एका निवृत्त मित्राने मला ऐकवलं. अरे बाबा, ज्या डोंगरावर आपण तीन वर्षं ताजी हवा फुकट खाल्ली, तो डोंगर दमलाय. सुट्टीच्या दिवशी महाबळेश्वरच्या घाटात चार तास अडकून बसलेल्या सातारकराला हे वेगळं सांगायला नको. मी तर म्हणतो, पास एका दिवसाच्या फेरीला महाग करा आणि चार दिवस राहणाऱ्याला स्वस्त. जो राहतो तो गावच्या दुकानातून भाजी घेतो. जो पळतो तो फक्त धूर सोडतो.

चौदा वळणं चढून आलो. सुपारीच्या बागा खाली राहिल्या, चहाचे मळे लागले, काचा वर गेल्या, हिने शाल काढली. किनाऱ्यावरचा घाम अंगावर असतानाच थंडीचा पहिला झोत लागतो; विमानाने कोइमतूरला उतरून टॅक्सीने वर गेलात तर हे कळायचं नाही. वेलिंग्टनला मद्रास रेजिमेंटच्या सेंटरवरून बिगुल ऐकू आला आणि मी नकळत घड्याळ लावलं. मिलिटरी हॉस्पिटलपाशी गाडी हळू केली. 27 जून 2008 ला फील्ड मार्शल माणेकशॉ तिथे गेले. मी पोस्टिंगवर आलो तेव्हा जुने लोक अजून त्या दिवसांबद्दल बोलत असत.

आम्ही उतरलो त्या घराच्या राखणदाराने डिकी उघडली आणि तीन पावलं मागे सरला. "साब, ये क्या है?" चार दिवस, कावेरीचं सगळं खोरं आणि चौदा वळणं पार करून ते गाठोडं वर आलं होतं आणि आता गाडीभर त्याचाच कारभार होता. मुलाला काय सांगायचं, हा प्रश्न अजून सुटायचा आहे. हिने कोळशावर चार तुकडे भाजले, सोबत गरम भात. बाहेर दव गोठायला लागलं होतं. राखणदाराने आधी नाकाला पदर लावला, म्हणजे मफलर, आणि मग ताट पुढे केलं.

जेवताना थंबीचा फोन आला. "उस्ताद, पहुँचा?" मी म्हटलं, पोचलो, आता तू ये, मे महिन्यात ये. त्याने विचारलं, "कितना दिन?"